इकडून सगळं बराबर आहे

टेलिफोन खात्यात माझी सगळी नोकरी एका वाक्यावर निघाली. "इकडून सगळं बराबर आहे, बिघाड तुमच्याकडचा असेल." हे वाक्य मी अडत्यांना ऐकवलं, डॉक्टरांना ऐकवलं, तहसिलातल्या बाबूंना ऐकवलं. शिरड शहापूरच्या एका मास्तरांना तर मी हे सांगत होतो तेव्हा उंदरांनी कुरतडलेली त्यांचीच केबल माझ्या एका हातात होती आणि दुसऱ्या हातात भजं होतं. मास्तरांनी बिचाऱ्यांनी फोन उघडला, पुसला, दिवसभर उन्हात ठेवला. दुसऱ्या दिवशी मी केबल जोडली. तेव्हापासून मास्तर भेटेल त्याला सांगत सुटले की फोनला अधूनमधून ऊन द्यावं लागतं.

याची मला कधी लाज वाटली नाही. उलट चहाच्या टपरीवर मीच हा किस्सा रंगवून सांगायचो. लाज वाटायला लागली ती निवृत्त झाल्यावर, पेटी वाजवायला लागल्यावर.

मॉड्युलेशन हा शब्द मला खात्यानं दोनदा शिकवला. पहिल्यांदा ट्रेनिंगमध्ये. माणसाचा आवाज स्वतःच्या बळावर लांब जात नाही, त्याला कशावर तरी बसवून पाठवावं लागतं, एवढं मला कळलं होतं. बाकीचं मी परीक्षेत माझ्या अकलेनं लिहिलं. आवाज म्हणजे हळदीचं पोतं. पोतं काही चालत नांदेडला जात नाही, ते टेंपोत टाकावं लागतं. टेंपो म्हणजे वाहक लहर. तिला स्वतःला काही म्हणायचं नसतं, ती आपली एका ठेक्यात धावत असते. आवाजाप्रमाणं तिची उंची नाहीतर तिचा ठेका कमीजास्त करायचा, हे मॉड्युलेशन. पलीकडच्यानं पोतं उतरवून घ्यायचं आणि टेंपो सोडून द्यायचा. तपासणाऱ्यानं समासात लाल शाईनं "टेंपो नको" असं लिहिलं, पण पास केलं.

दुसऱ्यांदा शिकवलं ते पार नोकरीच्या शेवटी, मला तक्रारीच्या टेबलावर बसवलं तेव्हा. एक मॅडम आल्या होत्या. गिऱ्हाईक कितीही तापलं तरी आपला आवाज कसा खाली आणायचा, कुठं थांबायचं, कुठला शब्द मऊ करायचा, हे त्यांनी दोन दिवस शिकवलं. त्याचंही नाव मॉड्युलेशनच. मला ते इतकं जमलं, की मॅडमनी मला उभं करून सगळ्यांना ऐकवलं. त्या आवाजात मी "दोन दिवसांत होईल" म्हटलं की माणूस आभार मानून फोन ठेवायचा, आणि दोन दिवसांत काही व्हायचं नाही. माझी बायको त्याला आफिसातला आवाज म्हणते. घरात तो आवाज निघाला की ती हातातलं काम थांबवते. "काय लपवून राहिले?" म्हणते.

तिसरा अर्थ मला पेटीनं शिकवला, आणि तो मी कोणाला विचारून शिकलो नाही.

आमच्या कॉलनीत महादेवाचं देऊळ आहे. दर सोमवारी संध्याकाळी तिथं भजन असतं. गाणारे बुवा म्हणजे देवळाचेच पुजारी. वय झालेलं, पण गळा असा की रस्त्यावरून जाणारा सायकल लावून उभा राहावा. बुवांची पट्टी काळी चार, म्हणजे पेटीवरच्या चौथ्या काळ्या पट्टीचा सूर हा त्यांचा षड्ज. पुरुषाच्या गळ्याला ही फार उंच. या पट्टीचा बुवांना जेवढा अभिमान होता तेवढा देवळाच्या कळसाचाही नव्हता. पाहुणे आले की पूजेचं ताट खाली ठेवायच्या आत सांगायचे, "आपली काळी चार बरं का."

बुवांच्या मागं पहिला आवाज मामांचा. मामा माझे कोणी नव्हेत, सगळ्या गावाचे मामा. हळदीच्या मोंढ्यात हर्रास पुकारायचं काम त्यांचं. ढिगाभोवती व्यापाऱ्यांचा गलका चाललेला असतो, कोणी तोंडानं बोली लावतो, कोणी नुसतं बोट हलवतो, कोणी ओठातल्या ओठात पुटपुटतो. त्यातून नेमकी शेवटची बोली उचलून वर फेकायची, हा मामांचा धंदा. गळा भोंग्यासारखा आणि कान मांजराचे. तोंडही तसंच. माझं नाव त्यांनी कधी घेतलं नाही. "काय मेकॅनिक," एवढंच.

आमच्या मंडळात एक रीत होती. भजनाची सुरुवात पेटीनं व्हायची नाही. पूर्वी देवळात पेटीच नव्हती, तेव्हापासून चालत आलेली ही रीत. आधी मामा नुसत्या गळ्यानं "हर हर महादेव" असा लांब पुकारा द्यायचे, आणि मग पेटीनं त्या सुरात येऊन मिळायचं. मामा कुठंही सूर बघायचे नाहीत. मोंढ्यातून यायचे, पायावर पाणी घ्यायचे, बसायचे आणि तोंड उघडायचे. काळी चार. मी पट्टीवर बोट ठेवायचो आणि पुकारा आणि पेटी अशी मिळायची की कोण कुठलं ते कळू नये.

करोनातून बुवा उठले खरे, पण दम गेला. देऊळ उघडल्यावरच्या पहिल्या सोमवारी वरच्या षड्जाला त्यांचा आवाज चिरला. त्यांनी पुन्हा घेतला, पुन्हा चिरला. मग त्यांनी चिपळ्या खाली ठेवल्या, पंच्याच्या टोकानं तोंड पुसलं आणि म्हणाले, "झालं आपलं. आता तुमी तुमी म्हणा, मी बसून ऐकीन."

बुवांना भजनाशिवाय दुसरं काही नव्हतं, हे सगळ्यांना माहीत होतं.

माझी पेटी स्केलचेंजरची आहे. म्हणजे तिची पट्ट्यांची फळी थोडी उचलून खाचेखाचेनं डावीउजवीकडं सरकवता येते. बोटं तीच, जागा तीच, पण आतला सूर बदलतो. गाण्यातली पट्टी बदलण्यालाही मॉड्युलेशनच म्हणतात. मी पेटी उशिरा शिकलो, मला एकाच पट्टीत वाजवता येतं, म्हणून मुद्दाम अशी घेतली होती. पुढच्या सोमवारी घरून निघताना मी फळी एक खाच खाली सरकवली. अर्धा सूर. वरून उपरणं टाकलं, म्हणजे कडेची फट दिसायला नको. देवळात बुवांना म्हटलं, "एक तर म्हणा, बुवा. आपल्या काळी चारमध्येच." तीन काळ्यांच्या घोळक्यातल्या मधल्या पट्टीवर मी बोट ठेवून दाखवलं.

बुवा वर गेले आणि चिरले नाहीत. म्हातारा असा फुलला, की आरती झाल्यावर प्रसादाचं केळं त्यांनी मला दोनदा दिलं. मी फार खूश होतो. पुण्य केल्याचा आनंद होता, पण खरं सांगायचं तर त्याहून जास्त मजा दुसरीच होती. कोणाला काही न सांगता मी एका मोठ्या गवयाचा गळा बोटभर सरकवला होता.

फक्त एक गोष्ट मी विसरलो होतो. मामांचा पुकारा.

त्या संध्याकाळी मामा पुकारा द्यायला नव्हते, मोंढ्यात हळदीची आवक जास्त होती. त्याच्या पुढच्या सोमवारी ते आले. बसले. तोंड उघडलं. मी पेटीचा भाता दाबला आणि पुकारा आणि पेटी एकमेकांना अशी घासली, की पावसात फुगलेलं दार चौकटीला घासावं. अर्ध्या सुराचा फरक फार वाईट वाजतो.

मामा थांबले. "मेकॅनिक, पेटी उतरली का तुमची?"

ढोलकीवाल्याकडं मी बघितलं. तो बिचारा मी देईन त्या सुराला ढोलकी लावायचा. हवेनं कातडं उतरतं, चढतं, एवढंच त्याला ठाऊक. तो खाली बघून ढोलकी ठोकत होता. बुवा माझ्याकडं बघत होते. खरं सांगितलं असतं तर बुवांच्या चिपळ्या त्याच क्षणी खाली गेल्या असत्या. मी पट्टीवरचं बोट तसंच ठेवलं, आणि माझ्या तोंडून तो आवाज निघाला. मऊ, खाली आणलेला, मध्ये नेमका थांबणारा.

"इकडून सगळं बराबर आहे, मामा. बघा ना. काळी चारच आहे."

सगळ्यांनी माना लांबवून बोट बघितलं. बोट काळी चारवर होतं. पेटी यंत्र आहे, तिच्यावर कोण शंका घेणार? गळा माणसाचा. मामांनी बोट बघितलं, मग माझं तोंड बघितलं, मग कानात करंगळी घालून हलवली.

"माझंच चुकलं असंल," ते म्हणाले.

त्यांना असं म्हणताना मी त्याआधी कधी ऐकलं नव्हतं.

बुवांचा दम उतरत गेला तसा मीही उतरत गेलो. दुसरी खाच झाली, तिसरी झाली. बोट काळी चारवर, पेटी पार पांढरी चारवर. दीड सूर खाली. मामांचा गळा मात्र दर सोमवारी तिथल्या तिथं, जुन्या जागी. पुकारा एकीकडं, पेटी दुसरीकडं. बुवांचा स्वभाव थट्टेचा, त्यात गळा परत आल्याची खुशी. एकदा सगळ्यांसमोर म्हणाले, "मामा, ही हर्राशी न्हाई. वरची बोली काहून लावून राहिले?" देऊळ हसलं. मीही हसलो. मी सगळ्यात जास्त वेळ हसलो, कारण थांबलो तर काय करावं ते सुचेना.

त्यानंतर मामा पुकारा देताना अडखळायला लागले. आधी माझ्याकडं बघायचे. मग एक सोमवार आले नाहीत. मग दुसरा. मग बुवांनीच पेटीवरून सुरुवात करायला सांगितलं आणि ती जुनी रीत गेली.

मी स्वतःला समजावलं की मामांना काय, त्यांचा मोंढा आहे, घरदार आहे. बुवांचं तर हेच एक. असा हिशेब मी करत राहिलो, आणि हिशेब नेहमी माझ्या बाजूनंच लागायचा.

मग एकदा घरच्यासाठी हळकुंड आणायला मोंढ्यात गेलो. ढिगाजवळ मामा उभे. उजव्या कानामागं बिस्किटी रंगाचं मशीन. व्यापाऱ्यानं बोली लावली. मामा वाकले. "काय म्हणलं?" व्यापाऱ्यानं पुन्हा सांगितलं. मामांनी पुकारली, पण अर्ध्या आवाजात, आणि पुकारून त्याच्या तोंडाकडं बघितलं, बराबर ऐकलं का म्हणून. मागून कोणीतरी बोललं, "मामा, मशीनला मशीन लावा आता." हशा झाला.

चहाच्या टपरीवर मी त्यांना गाठलं.

"मशीन कधी घेतलं, मामा?"

"पोरानं आणलं नांदेडहून. डॉक्टर म्हणला, वय झालं, थोडं कमी होतंच, लावून बघा." मामांनी मशीन काढून बशीत ठेवलं. "ह्याच्यातून सगळं ऐकू येते, फक्त माणूस ऐकू येत न्हाई. पोत्यावर पोतं सरकलं की कानात करवत चालती."

"मग लावताव काहून?"

"तुमच्या पेटीनंच तर दाखवलं ना, मेकॅनिक. म्या म्हणलो असतो पेटी खोटी, पर तुमी बोट दाखवलं." ते चहा हलवत राहिले, साखर केव्हाच विरघळली होती. "मला काय भेव वाटते सांगू का? एखाद्या दिवशी शेतकऱ्याच्या मालाची बोली मी कमी ऐकीन. त्याची हळद वाया जाईल माझ्या कानापायी. म्हणून अडत्याला सांगितलं, दिवाळीपर्यंत दुसरा माणूस बघा."

आता बोलायलाच हवं होतं. मी घसा साफ केला. थेट बोलायची मला सवय नाही, म्हणून मी लांबून सुरुवात केली. मी म्हणालो, मामा, आवाज म्हणजे हळदीचं पोतं समजा. पोतं टेंपोत टाकतात. आता पोतं पोचलं नाही तर चूक पोत्याचीच असेल असं नाही, टेंपोचीही असू शकते. पुष्कळदा पोतं ठणठणीत असतं.

मामांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग माझ्या खांद्यावर हात ठेवला.

"तुमी चांगले माणसं हाव, मेकॅनिक," ते म्हणाले. "म्हाताऱ्याची समजूत काढायला एवढं कोण बोलते."

आणि चहाचे पैसेही त्यांनीच दिले.

घरी आलो तर बायको पेटी पुसत होती. "ही फळी काहून सरकलेली असते हमेशा? मी सरळ केली की तुमी पुन्हा सरकवून ठेवताव."

"हवामानामुळं असतं तसं," मी म्हणालो.

तिनं फडकं खाली ठेवलं. मी कुठल्या आवाजात बोललो ते माझंही माझ्या लक्षात आलं होतं. मग मी तिला सगळं सांगितलं. ती हसेल असं मला वाटलं होतं, कारण माझ्या फजित्यांना ती नेहमी हसते. ती हसली नाही.

"मामांच्या घरी जा," ती म्हणाली.

"जातो. पण बुवा?"

"बुवाचं मी विचारलं का?"

मी गेलो नाही. मला त्याहून हुशार मार्ग सुचला होता. आयुष्यात मला जेव्हा जेव्हा हुशार मार्ग सुचला, तेव्हा कुठलीतरी केबल तुटलीच आहे. मार्ग असा: एका सोमवारी पेटी गुपचूप मूळ जागी, खऱ्या काळी चारला आणायची. मामांना बोलावून घ्यायचं. ते पुकारा देतील, तो पेटीला मिळेल, सगळं देऊळ ऐकेल, मामांचे कान बरे झाले असं ठरेल. कोणाला काही सांगायची गरज नाही. बुवांना त्या दिवशी घसा बसल्याचं निमित्त करून शांत बसवायचं. मी त्यांना दुपारीच सांगून आलो की हवा खराब आहे, आज गाऊ नका.

मामा नाही नाही म्हणत आले. मी म्हटलं, "एकदा पुकारा द्या, जुनी रीत आहे." मामा बसले, मशीन नीट केलं, डोळे मिटले. मी काळी चारवर बोट ठेवून वाट बघत होतो. पेटी आज खरी होती, बोट खरं होतं, आणि मला स्वतःचंच कौतुक वाटत होतं.

मामांनी पुकारा दिला तो खाली.

दोन वर्षं सगळ्यांनी त्यांना सांगितलं होतं की तुमी वर जाता. म्हणून त्या दिवशी त्यांनी स्वतःच्या गळ्याला दाबून, आवरून, आपल्या मते दुरुस्त करून पुकारा दिला होता. त्यांनी तो माझ्या रोजच्या खोट्या पेटीला मिळावा असा मोजून खाली आणला होता, आणि खरंच अगदी तिथंच आणला होता. नेमकी त्याच दिवशी पेटी खरी होती.

पुन्हा दार चौकटीला घासलं. पहिल्यापेक्षा जोरात. सावरायला म्हणून बुवा मध्ये पडले, कारण गाऊ नका म्हटल्यावर जो गात नाही तो बुवा कसला. त्यांनी उंच सूर धरला आणि खऱ्या काळी चारमध्ये त्यांचा गळा असा चिरला, की गाभाऱ्यातला दिवा लावणारी बाई वळून बघायला लागली. बुवा खोकत बसले. मामांनी मशीन कानातून काढलं, खिशात घातलं, देवाला नमस्कार केला आणि चपला घालून निघून गेले.

बुवा मला म्हणाले, "तुमीच म्हणला होता, हवा खराब आहे. तुमचं ऐकायला पायजे होतं."

दुसऱ्या दिवशी कळलं की मामा मोंढ्यात गेलेच नाहीत. अडत्याला निरोप धाडला, दिवाळीची वाट बघू नका.

त्या दुपारी मी पेटी ऑटोत घातली आणि मामांच्या घरी गेलो. नुसतं तोंडानं सांगायचा माझ्यावर मला भरवसा नव्हता. बोलायला लागलो की टेंपो आलाच असता. मामा ओसरीत बाजेवर पडले होते. पेटी बघून उठून बसले.

"आता घरी येऊन दाखवून राहिले का?" ते म्हणाले.

मी पेटी त्यांच्यासमोर ठेवली, उपरणं काढलं. मधल्या काळ्या पट्टीवर बोट ठेवलं, भाता दाबला. सूर वाजला. मग बोट न उचलता फळी खालच्या खाचेत सरकवली. खट् असं झालं. तेच बोट, तीच पट्टी, सूर खाली. आणखी एक खाच. आणखी एक. खट्. मग हात मांडीवर ठेवून बसलो.

मामा वाकून पट्ट्यांकडं बघायला लागले.

"पुन्हा करा," ते म्हणाले.

मी पुन्हा केलं.

"कधीपासून?"

"करोनानंतर. बुवांचा गळा चिरला तवापासून."

"म्हणजे माझा पुकारा..."

"बराबर होता. दर सोमवारी. इकडून बिघाड होता, मामा."

ते शिव्या देतील अशी तयारी करून मी गेलो होतो. मोंढ्यातल्या शिव्या मला माहीत आहेत. पण मामांनी फक्त उजवा कान हातानं झाकला, मग उघडला, मग डावा. लहान लेकरं खेळतात तसं.

"मी उठून उठून घड्याळाची टिकटिक ऐकत होतो," ते म्हणाले. "ऐकू आली तरी वाटे, ही खरी का मनातली. बायको म्हणे, झोपा. मी तिला काय सांगू, मला माझ्याच कानाचा विश्वास न्हाई म्हणून?"

मी पेटीचा भाता बंद केला.

"बुवाला ठावं आहे?"

"न्हाई."

"आणखी कोणाला?"

"फक्त माझ्या बायकोला."

"म्हणजे निम्म्या हिंगोलीला." मामा पहिल्यांदा थोडं हसले, आणि मला ते हसणं शिवीपेक्षा जास्त लागलं. 

मी म्हणालो, "सोमवारी सगळ्यांसमोर सांगतो. तुमचं नाव मोकळं करतो."

मामा बाजेचा सुंभ बोटानं ओढायला लागले. "आणि म्हातारा?" ते म्हणाले. "उद्यापासून तो काय करंल? पूजा करून घरात बसंल. सहा महिन्यांत जाईल." मग म्हणाले, "तुमचं बरं असते, मेकॅनिक. बिघाड करायचा तुमी, आणि दुरुस्ती कोणाच्या घरात करायची तेपण तुमीच ठरवायचं. नका सांगू. सोमवारी मी येतो."

दुसऱ्या दिवशी ते मोंढ्यात उभे राहिले, बिनमशीनचे. मी मुद्दाम लांबून ऐकायला गेलो. त्यांचा आवाज पलीकडच्या एसटी डेपोपर्यंत जात असावा.

आणि सोमवारी ते देवळात आले ते मशीन लावून.

मला कळेना. ते माझ्याशेजारी बसले, मशीन कानात सरळ केलं, आणि डोळ्यानंच विचारलं. मी मांडीवर, उपरण्याआड, तीन बोटं दाखवली. मोंढ्यात भाव सांगतात तसं. मामांनी डोळे मिटले आणि दीड सूर खालून पुकारा दिला. तो पेटीला असा मिळाला की देवळात कोणीतरी "वा" म्हणालं.

बुवा खूश झाले. "मशीन चांगलं बसलं तुमाला, मामा," ते सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले. "दोन वर्षं ऐकलं न्हाई आमचं. आता आले ना कान ठिकाणावर?"

"आले, बुवा," मामा म्हणाले.

आरतीनंतर चपला घालताना त्यांनी मशीन काढून माझ्या तळहातावर ठेवलं. हलकं लागलं. मी मागचं झाकण उघडून बघितलं, खोड जात नाही मेकॅनिकची. आत सेल नव्हता.

तेव्हापासून असंच चाललं आहे. सुरुवातीआधी मामा मोठ्यानं विचारतात, "काय मेकॅनिक, इकडून बराबर?" आणि मला सगळ्यांसमोर म्हणावं लागतं, "बराबर आहे, मामा." लोकांना ती आमची थट्टा वाटते. मी ते वाक्य आफिसातल्या आवाजात म्हणून बघितलं, साध्या आवाजात म्हणून बघितलं. कुठल्याही आवाजात ते आता माझ्या तोंडात बसत नाही.

गेल्या सोमवारी बुवांचा दम फारच कमी होता. दुसऱ्या भजनाला त्यांचा हात छातीवर गेला. पुढचं भजन त्यांच्या आवडीचं, वरच्या सुरांचं. घरून पेटी तिसऱ्या खाचेवरच आणली होती, आणि देवळात कधी फळी सरकवली नव्हती, कारण खट् असा आवाज होतो. ढोलकीवाला ढोलकी ठोकत होता. बुवा पाणी पीत होते. मी उपरण्याखाली हात घातला आणि मामांकडं बघितलं. त्यांनी माझा हात बघितला.

मी फळी चौथ्या खाचेत ढकलली, आणि त्याच क्षणी मामांनी टाळ वाजवला. भजन सुरू व्हायला अजून वेळ होता. भजन थांबलेल्या देवळात तो टाळ एकटाच खणकन वाजला.

बुवांनी तांब्या खाली ठेवला. "मामा, घाई काहून करून राहिले? कान आले, आता ताल गेला का?"

सगळे हसले.

"चुकलं, बुवा," मामा म्हणाले.

मी पट्टीवर बोट ठेवलं आणि भाता दाबला.